सात परसांवरचा हिरवा दगड

लोटन आमच्या शाळेत प्रयोगशाळेचा शिपाई होता आणि मी विज्ञान शिकवायचो. तीस वर्षं आम्ही एकाच खोलीत काढली. एवढ्यावरून मला त्याच्याबद्दल लिहिता यावं असं कुणालाही वाटेल, पण मला त्याची फार थोडी माहिती आहे. तो आणि मी एकाच वर्षी जन्मलो, हे मला गेल्या वर्षी त्याच्या श्रद्धांजलीच्या फलकावर कळलं. मी त्याला पहिल्या दिवसापासून ‘अरे लोटन’ म्हणत आलो आणि तो मला ‘सर’. त्याच्या बायकोचं नाव मंजुळाबाई होतं, ती वारली तेव्हा मी दोन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी धुळ्याला होतो आणि नंतर भेटायला गेलो नाही. का गेलो नाही, ते आता आठवत नाही. मला लिहायची सवय नाही. चुका असतील, त्या माझ्या धराव्यात.

आमची शाळा पाचोऱ्यापासून आठ मैलांवर आहे. लोटन १९८९ साली नोकरीला लागला. त्याआधी तो बापाबरोबर विहिरी खोदायचा. सुरुंगाचं भोक पाडणं, दारू ठासणं, खालून दगड वर पाठवणं ही कामं त्याने वयाच्या चौदाव्या वर्षापासून केलेली. एका सुरुंगाने बापाचा डावा कान गेला, तेव्हा आईने हट्टाने पोराला शाळेत नोकरीला चिकटवलं, एवढं त्याने एकदा सांगितलं होतं.

पहिल्या वर्षी मी आठवीला खडक शिकवत होतो. अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित. उदाहरणं पुस्तकातली : ग्रॅनाइट, वालुकाश्म, संगमरवर, स्लेट. लोटन परीक्षानळ्यांचा ट्रे घेऊन दाराशी उभा होता. तास संपल्यावर त्याने विचारलं, “सर, ह्या दगड आपला गावमा कोठे शेतस?”

मी म्हणालो, “आपल्याकडे नाहीत.”

“मंग पोरं काय पाहतीन?”

दुसऱ्या दिवशी त्याने पिशवीतून चार दगड काढून टेबलावर मांडले. एक काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, ज्यावर आमचा सगळा खानदेश बसलेला आहे. दुसरा त्याच जातीचा, पण बुडबुड्यांच्या भोकांनी भरलेला. तिसरं लाल गेरूचं ढेकूळ. लाव्हाचा एक थर थंड होऊन पडून राहिला, त्याची माती झाली आणि त्यावर पुन्हा लाव्हा आला की मधल्या मातीचा असा लाल पट्टा होतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. लोटनला तो पट्टा कुठल्या गावात किती खोलीवर लागतो ते माहीत होतं. चौथा दगड पांढरा, चकचकीत होता.

“ही गारगोटी,” मी म्हणालो.

लोटन घुटमळला. मग त्याने खिडकीच्या फुटक्या काचेचा तुकडा घेतला आणि त्यावर तो दगड जोरात घासला. काचेवर ओरखडा उठला नाही.

“गारगोटी काच कापस, सर. हाऊ कापत नही.”

विज्ञानाचा पदवीधर मी. मग आम्ही दोघांनी त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले. चुन्याचा दगड असता तर फसफसून वायू निघाला असता. तोही निघाला नाही. शेवटी मी त्याचा चुरा कोरड्या परीक्षानळीत घालून तापवला. थोड्या वेळाने नळीच्या वरच्या थंड भागावर आतून बारीक थेंब जमले. लोटनने नळी उजेडाकडे धरली आणि ओरडला, “दगडमा पानी शे, सर!”

तो स्टिलबाइट होता. लाव्हातल्या वायूंच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहतात, त्यांत गरम पाणी झिरपत राहतं आणि त्या पाण्यात विरघळलेली द्रव्यं हळूहळू स्फटिक होऊन बसतात. त्या स्फटिकांच्या रचनेतच पाणी अडकलेलं असतं, तापवलं की सुटतं. हे मी जळगावच्या ग्रंथालयातून पुस्तक आणून आठ दिवसांनी वाचलं. लोटनला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “म्हंजे इहीर खंदाना पहिलेच पानी लागेल व्हतं.”

त्यानंतर दर रविवारी तो सायकलवर निघायचा. कुठे विहीर चालू आहे हे त्याला बरोबर कळायचं. आमच्या भागात विहिरीत पोकळी फुटली आणि आत स्फटिक निघाले, तर पहिला चांगला तुकडा मालकाच्या देव्हाऱ्यात जातो. विहिरीला पाणी लागलं की त्याला हळदकुंकू वाहतात. तो कुणी विकत नाही, कुणाला देत नाही. लोटन त्या घरी जाऊन ओट्यावर बसायचा आणि सांगायचा, “हाऊ तुमनाच शे. शाळामा ठेवसू, वर तुमनं नाव लिखसू. पोरं पाहतीन.” लोक हो म्हणायचे. दगड शाळेला दिलेला नसायचा, ठेवायला दिलेला असायचा. हा फरक मी कधी नीट ध्यानात घेतला नाही. लोटनने घेतला होता.

प्रत्येक दगडाखाली त्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी लावली. गाव, मालकाचं नाव, किती परस खोल, वर कोणता थर, खाली कोणता. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाइतकी खोली. ‘चिंधा नथू यांची विहीर, सात परस, काळ्या पाषाणात, वर गेरू’ ही चिठ्ठी मला अजून पाठ आहे, कारण तो दगड आमच्या कपाटातला सगळ्यांत देखणा होता. हिरव्या ॲपोफिलाइटचे बोटाएवढे चौकोनी मनोरे, काचेसारखे पारदर्शक, आणि त्यांच्या बुडाशी गव्हाच्या पेंढीसारखा मध्ये आवळलेला गुलाबी स्टिलबाइट. शिवाय एका पोकळीत कापसाच्या बोंडासारखा फुललेला एक पांढरा स्फटिक होता. त्याचं नाव आम्हाला शेवटपर्यंत नक्की करता आलं नाही. मी दोन वेळा दोन नावं सांगितली आणि लोटनने दोन्ही वेळा शिसपेनने लिहिली, खोडता यावीत म्हणून.

एकदा त्याने ओल्या गोणपाटात गुंडाळून फिकट गुलाबी दगड आणला. म्हणाला, “हाऊ ओलाच ठेवू, सर. इहिरीमा असा दगड वर काढा की दोन महिनामा भुसा व्हई जास.” मी म्हणालो, दगड काय भाजी आहे का, कोरडा करून कपाटात ठेव. त्याने ठेवला. दिवाळीच्या सुट्टीनंतर कपाट उघडलं तर चिठ्ठीवर पांढऱ्या पावडरीचा ढीग होता. तो लॉमोन्टाइट होता, कोरड्या हवेत त्याच्या आतलं पाणी निघून जातं आणि तो ढासळतो. ती पावडर लोटनने बाटलीत भरली आणि चिठ्ठी बाटलीला डकवली.

कपाटाशिवाय टेबलाखाली चार लाकडी खोकी होती. त्यांत त्याच विहिरींचे तुटके, दुय्यम तुकडे. मुलांनी काचेवर घासायचे, आम्लात टाकायचे, तापवायचे ते हे. कपाटातल्या दगडांना मुलांनी हात लावायचा नाही, मीही नाही. किल्ली लोटनच्या करदोट्याला असायची. एखादं पोरगं कपाटाच्या काचेला नाक लावून उभं राहिलं की तो म्हणायचा, “हट, बाफ काढू नको. आतला दगडस्ले सर्दी व्हई.”

असे एकशे बेचाळीस दगड झाले. मी एक दिवस उगाच मोठेपणाने म्हणालो, “लोटन, मी आहे तोवर हे कपाट हलणार नाही.” त्याने मान हलवली.

२०१९ साली माझं नोकरीचं शेवटचं वर्ष होतं आणि मुख्याध्यापकपदाचा प्रभार माझ्याकडे होता. संस्थेच्या चिटणीसांचा मुलगा योगेंद्र माझा जुना विद्यार्थी. तो गाडीतून आला, वाकून पाया पडला. जळगावला खानदेशातल्या खनिजांचं संग्रहालय उभं राहतंय, दहा दिवसांसाठी आपले दगड द्या, फोटो काढून, यादी करून परत आणतो, शाळेचं नाव होईल, असं म्हणाला. मला आनंद झाला. तो कुणाचा मुलगा आहे हेही मनात होतंच, नव्हतं असं लिहिलं तर खोटं होईल.

मी लोटनला बोलावलं. योगेंद्र समोर बसलेला.

“देना शेतस का, सर?” लोटनने विचारलं.

“दहा दिवसांचा प्रश्न आहे.”

“लोकस्नी ठेवाले देयेल शेतस.”

“मी जबाबदार आहे ना,” मी म्हणालो.

लोटन म्हणाला, “तुमी सांगतस तं देसू. पन तीन दिन द्या. बांधाले येळ लागस.”

योगेंद्र हसला. “लोटनभाऊ, दगड बांधायचेत, नवरी नाही.”

“नवरी तं आपला पायवर चालीसन जास, भाऊ,” लोटन म्हणाला.

तिसऱ्या दिवशी अकरा पेट्या तयार होत्या, कडब्यात आणि वर्तमानपत्रात नीट बांधलेल्या, चिठ्ठ्यांसकट. लोटनने स्वतः गाडीत चढवल्या. रिकामं कपाट त्याने ओल्या फडक्याने पुसलं.

दहा दिवसांचे दोन महिने झाले. फोन केला की योगेंद्र ‘होतंय सर’ म्हणायचा. मग एका दुपारी तो माझ्या दालनात आला, या वेळी पाया पडला नाही. बरोबरच्या माणसाने एक पेटी टेबलावर ठेवली.

“सर, तुम्ही मला फसवलं.”

त्याने कडबा बाजूला केला. चिठ्ठी होती, ‘चिंधा नथू, सात परस’. वर हिरवट रंगाचा एक तुकडा, टोकं उडालेला, बाजूंवर ओरखडेच ओरखडे, आणि एका कडेला आम्लाने खाऊन पांढरा झालेला. दुसरी पेटी, तिसरी पेटी, सगळीकडे तेच. टेबलाखालच्या खोक्यांतला माल. तीस वर्षांत मुलांनी तपासून तपासून संपवलेले दगड.

“बाहेरच्या माणसाला पाठवले होते, त्याने उघडून परत केले. माझी काय इज्जत राहिली?” योगेंद्र ओरडला.

“बाहेरच्या? संग्रहालय?”

त्याच्या लक्षात आलं की आपण जास्त बोललो. माझ्याही लक्षात आलं. संग्रहालय नव्हतंच. माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा माझ्या पाया पडून आमचं कपाट विकायला निघाला होता. आणि त्याच क्षणी मला दुसरंही वाटलं, की लोटनने त्याच्या आधीच ते विकलं. हे दुसरं मला जास्त लागलं. योगेंद्रला मी पाच वर्षं शिकवलं होतं, लोटनबरोबर तीस वर्षं काढली होती.

लोटनला बोलावलं. योगेंद्रने विचारलं, “चांगले दगड कुठे आहेत?”

“जठे पाहिजेत तठे शेतस,” लोटन म्हणाला.

“म्हणजे कुठे?”

“माले सांगता येवाव नही.”

मी त्याला बाहेर नेऊन विचारलं, “लोटन, मला तरी सांग.” त्याने मलाही सांगितलं नाही.

संस्थेने चौकशी लावली. मला लेखी निवेदन मागितलं. मी लिहिलं : ‘कपाटाची किल्ली सुरुवातीपासून लोटन यांच्याच ताब्यात असे. दगड बांधण्याचे काम त्यांनी एकट्याने केले. बांधताना मी उपस्थित नव्हतो.’ प्रत्येक शब्द खरा होता. योगेंद्र कशासाठी दगड घेऊन गेला हे मात्र मी लिहिलं नाही. कुणी विचारलं नव्हतं, आणि निवृत्तीला चार महिने राहिले होते.

लोटन पाच महिने निलंबित होता. गावात त्याला कुणी कुणी चोर म्हटलं, असं मला वाटत होतं. खरं तर गावात कुणीच म्हटलं नव्हतं, पण ते मला फार नंतर कळलं. पुढे चौकशी आपोआप बारगळली. जास्त खोदलं तर संग्रहालयाचा विषय निघाला असता, हे चिटणीसांना कळलं असणार. लोटनला दुसऱ्या गावच्या शाखेत टाकलं. तिथे प्रयोगशाळा नव्हती. तो घंटा वाजवायचा. २०२१ साली, शिपायांच्या नियमाने साठाव्या वर्षी, तिथूनच निवृत्त झाला. आमच्या शाळेच्या कपाटात नंतर बाजारातून आणलेली खडकांची तयार पेटी आली. खण पाडलेली, छापील चिठ्ठ्यांची, ग्रॅनाइट, वालुकाश्म, संगमरवर, स्लेट.

या सगळ्या काळात मी स्वतःला फसवलेला माणूस समजत होतो. बायकोलाही तसंच सांगितलं. लोटन बाजारात दिसला तर मी पलीकडच्या बाजूने जायचो. मला वाटायचं त्याला माझ्यासमोर यायची लाज वाटत असेल, त्याची सोय करावी.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत चिंधा नथू वारले. त्यांची मुलं माझ्याकडे शिकलेली, म्हणून गंधमुक्तीच्या दिवसकार्याला गेलो. जेवणं झाल्यावर त्यांच्या पत्नी इंदिराबाईंना भेटायला आत गेलो. त्या देव्हाऱ्याजवळ बसल्या होत्या. नमस्कार करून मान वर केली तर देवांच्या मागे हिरवे चौकोनी मनोरे आणि खाली गुलाबी पेंढी. टोक शाबूत. त्यावर हळदकुंकू.

मी बोट दाखवलं.

“तो ना? आमनी इहिरीनाच शे,” इंदिराबाई म्हणाल्या. “शाळामा व्हता. लोटनभाऊनी परत आनी दिन्हा.”

“कधी?”

“चार-पाच वरीस व्हयनात. तीन दिन सायकलवर फिरना तो, गावेगाव. ज्याना त्याले देत गया. बठ्ठास्ले परत दिन्हा. तुमले माहीत नही का?”

बाहेरच्या ओट्यावर रतिलाल बसला होता, चिंधांचा चुलतभाऊ. तो उंबऱ्यातून म्हणाला, “सरले कसं माहीत ऱ्हाई, वहिनी? सरस्पाईनच तं लपाडानं व्हतं.” लपवायचं होतं ते माझ्यापासूनच.

“गप ऱ्हाय,” इंदिराबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, जराशा ओशाळून : “तसं नही, सर. तुमले सांगं असतं, तं कोनी इचारताच तुमी खरं सांगी टाकतात. तुमनं मन साफ शे. मंग तो गाडीवाला घरोघर येता.”

“सरनी कोनले नाही म्हनेल माले तं याद नही,” रतिलाल पुन्हा म्हणाला, आणि दोघं-तिघं हसले. वाईट हेतूने हसले नाहीत. सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीवर माणसं हसतात तसे हसले.

एकशे बेचाळीस घरं. त्या सगळ्या घरांना ठाऊक होतं की लोटन चोर नाही आणि सरांना हे सांगायचं नाही. पाच वर्षं एकाही तोंडून ते फुटलं नाही. मी त्यांची मुलं शिकवली होती, लग्नांत जेवलो होतो. लोटनने माझा विश्वासघात केला, हे एका परीने खरंच होतं. पण ज्या विश्वासाचा घात झाला तो मी त्याच्यावर ठेवलेला होता. त्याने माझ्यावर ठेवलेला मुळात नव्हताच, आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. हे मला घरी येईपर्यंत एसटीत कळत गेलं आणि अजूनही पूर्ण पचलेलं नाही.

आठ दिवसांनी मी लोटनकडे गेलो. तो मुलीकडे, दिपमालाकडे, राहत होता. अंगणात पोत्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा निवडत होता. मला पाहून उठला, पोतं झटकलं, बाज ओढली. दिपमालाने चहा दिला.

मी म्हणालो, “इंदिराबाईंकडे गेलो होतो. गंधमुक्तीला.”

“हां. मी सकायले जाई वनू.”

“दगड पाहिला.”

तो शेंगा निवडत राहिला. “चांगला शे ना? टोक शाबूत शे.”

“मला का नाही सांगितलंस, लोटन?”

“तुमी जबाबदार व्हतात ना, सर,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, निदान मला ऐकू आला नाही. “जबाबदार मानूसले बठ्ठं माहीत ऱ्हायनं की त्याले लिखी देनं पडस.”

“मी लिहून दिलं ते तुला कळलं होतं?”

“चौकशीमा वाची दाखाडं माले.” एक कुजकी शेंग त्याने बाजूला टाकली. “अक्षर चांगलं शे तुमनं.”

मी माफी मागायला गेलो होतो. वाक्य तयार केलं होतं, वाटेत दोनदा मनात म्हणूनही पाहिलं होतं. ते तोंडून निघालं नाही. मी त्याच्याबरोबर थोड्या शेंगा निवडल्या. मला ते नीट जमत नव्हतं, मी टाकलेल्यांतल्या चांगल्या तो पुन्हा उचलून घेत होता. त्या ऑगस्टमध्ये तो गेला, तीन दिवसांच्या तापाने. मधल्या सहा महिन्यांत मी पुन्हा जायचं म्हणत राहिलो.

त्या दिवशी उठताना मी पायांत चपला घातल्या.

“एसटी कवय शे?” त्याने विचारलं.

“साडेपाचला.”

“मंग बसा ना आजून. ऊन शे.”

“नको, निघतो. जागा मिळत नाही.”

“बरं,” लोटन म्हणाला. “या.”